फर्नेस चार मिनिटांत विझते, गॅसचा स्क्रू फिरवू का?

प्रश्न असा आहे. पुण्याहून येऊन शिकागोजवळच्या नेपरव्हिलला पहिलंच घर घेतलेल्या एका गृहस्थांची फर्नेस, म्हणजे गॅसवर घरभर गरम हवा पुरवणारी भट्टी, सुरू होते, गरम हवा येते आणि चार-पाच मिनिटांत ज्योत विझते. पंखा मात्र चालूच राहतो आणि गार हवा फेकतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. थर्मोस्टॅट ७४ अंश फॅरनहाइटवर आहे, पण घर ६५-६६ च्या वर सरकत नाही. आतल्या बोर्डावरचा लाल दिवा चार वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा चार वेळा. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की गॅस कमी येतोय, व्हॉल्व्हवरचं झाकण काढून आतला स्क्रू थोडा फिरव. तो फिरवू का आणि फिरवला तर किती, असं त्यांनी विचारलंय. जाता जाता आणखी दोन गोष्टी लिहिल्यात: मुलीला ॲलर्जी आहे म्हणून दुकानातला सगळ्यात भारी फिल्टर आणून बसवला, आणि वापरात नसलेल्या दोन खोल्यांचे व्हेंट, म्हणजे गरम हवा येण्याच्या जाळ्या, गॅस वाचावा म्हणून बंद केले.

स्क्रूला हात लावू नका. आणि ज्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्यात, माझ्या मते दुखणं तिथेच आहे.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत हीच कामं करतो. थंडीचा पहिला तडाखा बसला की नव्यानं घर घेतलेल्यांचे जे फोन येतात, त्यांत हा प्रकार नेहमीचा. तरी तुमची फर्नेस मी पाहिलेली नाही, तेव्हा काही गोष्टी जर-तरच्याच राहणार. तिचा धूर पत्र्याच्या पाइपातून चिमणीत जातो की पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून भिंतीबाहेर, यावर बरंच अवलंबून आहे. पत्र्याचा पाइप असेल तर ती ८० टक्केवाली, म्हणजे गॅसमधली ८० टक्के उष्णता घराला देणारी, जुन्या पद्धतीची, पीव्हीसी असेल तर ९० च्या पुढची. खालचं बहुतेक दोन्हींना लागू आहे; जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

आधी एक काम उरका. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि चालू आहे का, ते आत्ता उठून बघा. इलिनॉयमध्ये २००७ पासून झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत तो असणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्या घरांत नेमकी एक अडचण होते. धूर आणि मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारा एकत्र अलार्म असतो, फोडणी जरा खमंग झाली की तो किंचाळतो, आणि कुणीतरी वैतागून बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकतं. धुराचा त्रास जातो, पण दुसरं संरक्षणही जातं. स्वयंपाकघराजवळ फक्त धुराचा, फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा अलार्म लावा आणि मोनॉक्साइडचा वेगळा बेडरूमच्या बाहेर. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते; बहुतेकांचं आयुष्य ७ ते १० वर्षं. घराबरोबर आलेला अलार्म असेल तर ती तारीख वाचाच.

हेही लक्षात घ्या की हा अलार्म जरा उशिरानंच ओरडावा अशी त्याची रचना आहे. हवेच्या दहा लाख भागांत मोनॉक्साइडचे ७० भाग (७० पीपीएम) असले तर तो तासाभरानंतर ते चार तासांत कधीही वाजेल, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे तो वाजला तर हवा खरंच वाईट झालेली आहे. खिडकी उघडून बसायचं नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि ९११ लावायचा. घरात शिरलं की डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, असं एकापेक्षा जास्त माणसांना होत असेल तर अलार्म गप्प असला तरी हेच करायचं. मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. तो वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, फोनही बाहेर जाऊन करायचा.

आता मूळ मुद्दा. फर्नेस कधी विझते, यावरून ती का विझते हे बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी तिचा क्रम माहीत हवा. थर्मोस्टॅटनं उष्णता मागितली की सर्वांत आधी धूर ओढणारा छोटा पंखा सुरू होतो. त्यानं नळीत पुरेशी ओढ निर्माण केली की प्रेशर स्विच जुळतो. मग इग्नायटर लालभडक तापतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात. ज्योतीत बुडालेली एक बारीक सळई, म्हणजे फ्लेम सेन्सर, ज्योत खरंच आहे याची खात्री बोर्डाला देते. अर्ध्या मिनिटाभरानं मोठा पंखा सुरू होतो आणि तुमच्या व्हेंटमधून गरम हवा येते.

छोटा पंखा फिरतोय पण इग्नायटर तापतच नाही, तर बहुधा प्रेशर स्विच. बर्नर पेटून काही सेकंदांतच विझतात, असं तीनेकदा होतं आणि मग ती रुसून बसते, तर बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरवर पुटं चढलेली असतात. पण तुमच्यासारखं, नीट पेटली, काही मिनिटं छान चालली आणि मग ज्योत विझून नुसता पंखा फिरत राहिला, तर तिनं लिमिट स्विचवर मान टाकली आहे. चार वेळा लुकलुकणं हा पुष्कळ कंपन्यांच्या बोर्डावर लिमिट उघडल्याचाच संकेत असतो. पुष्कळ म्हटलं, सगळ्या नाही. खालच्या दाराच्या आतल्या बाजूला संकेतांचा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात तुमच्या मॉडेलचा अर्थ वाचून घ्या. दार काढलं की फर्नेस बंद होईल, कारण तिथे दाबलेला एक सुरक्षा स्विच असतो. तो टेप लावून दाबून ठेवायचा नाही.

लिमिट स्विच म्हणजे आतला पत्रा, हीट एक्स्चेंजर, प्रमाणाबाहेर तापला की गॅस तोडणारी छोटी चकती. पंखा चालू राहतो तो आतली उष्णता बाहेर काढायला. म्हणजे तुमच्या फर्नेसची तक्रार उष्णता कमी पडते ही नाहीच. आत उष्णता जास्त झाली आहे आणि ती बाहेर न्यायला हवा पुरत नाही. अशा वेळी गॅस वाढवणं म्हणजे भात करपतोय म्हणून आच मोठी करण्यासारखं आहे.

आकड्यांत बघू. समजा, तुमच्या फर्नेसचं इनपुट तासाला ८० हजार बीटीयू (उष्णतेचं माप) आहे आणि ती ८० टक्क्यांची आहे. म्हणजे हवेत ६४ हजार जातात. मिनिटाला सुमारे १२०० घनफूट हवा तिच्यातून गेली तर हवेचं तापमान साधारण ५० अंश फॅरनहाइटनं वाढतं. हीच हवा ८०० वर आली तर वाढ ७४ अंशांवर जाते. नेमप्लेटवर ही वाढ किती असावी ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश. गॅस तोच, बर्नर तेच, फक्त हवा एक तृतीयांशानं कमी झाली आणि फर्नेस हद्दीबाहेर गेली.

ही हवा तुमच्याकडे कुठे अडली असेल, त्याचा पहिला संशयित फिल्टर. एक इंची जाडीचा मर्व्ह १३ चा (मर्व्ह हे फिल्टर किती बारीक धूळ धरतो याचं माप, आकडा मोठा तितका बारीक) फिल्टर धूळ उत्तम धरतो, पण तेवढ्याशा कागदातून हवा ओढताना पंख्याला धाप लागते. नवा असतानाच लागते, महिन्याभरात तर विचारूच नका. त्यात आपल्या घरात रोज उदबत्ती, धूप, कापूर आणि तळणीचा तेलकट वाफारा. आपल्याकडचे फिल्टर बाहेर काढले की करड्या धुळीऐवजी काळपट चिकट थर दिसतो. तो बोटाला लागतो आणि साबणाशिवाय जात नाही. अशा घराला 'तीन महिने चालतो' हा खोक्यावरचा मजकूर लागू नाही. थंडीत दर महिन्याला बघायचा. उजेडासमोर धरला आणि पलीकडचा दिवा अंधुकही दिसत नसेल तर बदलायचा.

आज संध्याकाळी एवढंच करा: फर्नेसच्या शेजारच्या स्विचनं ती बंद करा, तो भारी फिल्टर काढा आणि मर्व्ह ८ चा साधा फिल्टर बसवा. बाणाची दिशा फर्नेसकडे. हा शेजारचा स्विच दिव्याच्या बटणासारखाच दिसतो, म्हणून एक आगाऊ सूचना: त्यावर मोठ्या अक्षरांत 'फर्नेस' लिहून पट्टी चिकटवा. पाहुणे बेसमेंटचा दिवा समजून तो बंद करतात आणि मग रात्री फोन येतो.

मुलीच्या ॲलर्जीसाठी बारीक फिल्टर हवाच असेल तर तेही होतं, फक्त वेगळ्या मार्गानं. परतीच्या डक्टला, म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे परत आणणाऱ्या नळीला, चार इंची फिल्टर बसेल अशी पेटी बसवून घ्या. त्यात घड्या जास्त, म्हणजे कागदाचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त, म्हणून मर्व्ह १३ सुद्धा सहज श्वास घेऊ देतो.

दुसरा संशयित ते बंद केलेले व्हेंट. ही समजूत घराघरांत आहे की खोली बंद केली की तेवढा गॅस वाचतो. पण तुमची फर्नेस एका टप्प्याची असेल तर ती पेटते तेव्हा पूर्ण ८० हजारांवरच पेटते. दोन खोल्या बंद आहेत हे तिला कळत नाही. कळतं ते एवढंच की हवा जायला वाट कमी झाली. सगळे व्हेंट उघडा. परतीच्या हवेच्या मोठ्या जाळ्याही बघा. सोफा, गालिचा, देवघराचं कपाट असं काही त्यांच्यापुढे आलेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही नसतं.

हे दोन्ही झालं की फर्नेस पंधरा मिनिटं चालू द्या आणि मोजा. स्वयंपाकाचा, सळईसारखा थर्मामीटर चालेल. एकदा परतीच्या जाळीशी धरा, एकदा फर्नेसच्या सर्वांत जवळच्या व्हेंटशी. दोन्हींतला फरक नेमप्लेटच्या पट्ट्याशी ताडून बघा. व्हेंटपर्यंत येताना हवा थोडी निवते, म्हणून तुमचा आकडा खऱ्यापेक्षा जरा कमीच येईल. तरीही तो वरच्या टोकाला टेकत असेल, तर हवा अजून कुठेतरी अडलेली आहे.

तेव्हा पुढचे संशयित उरतात ते तुमच्या हातातले नाहीत. फर्नेसच्या डोक्यावर उन्हाळ्यातल्या एसीचं कॉइल बसलेलं असतं. आधीच्या मालकाकडे कुत्रा असेल आणि फिल्टर वेळेवर बदलले नसतील तर त्या कॉइलच्या खालच्या अंगाला केसांची आणि धुळीची अक्षरशः गोधडी तयार होते. बाहेरून काही दिसत नाही. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते, पंख्याच्या मोटरला जोर देणारा कपॅसिटर कमजोर होतो आणि पंखा फिरतो पण दम नसतो. किंवा सगळं स्वच्छ असतं, फक्त पंख्याचा हिवाळ्याचा वेग कमी लावलेला असतो. तापमानाची वाढ जुळवायला जे फेरफार करायचे ते आधी याच वेगात असतात, तारेची जागा बदलून किंवा बोर्डावरचे बारीक स्विच सरकवून. तंत्रज्ञाला हे करायला फार वेळ लागत नाही. लिमिट स्विच स्वतःच खराब असणं हेही शक्य आहे, पण ते मी शेवटी धरतो. सारखा उघडझाप करून तो कालांतरानं थकतो, म्हणून 'स्विच बदलला, झालं' असं कुणी म्हणालं तर तो का थकला हे विचारा. आणि तो वायरनं जोडून वगळायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

आता त्या स्क्रूबद्दल, कारण ज्यानं सांगितलं त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. तिथे गॅसचा दाब खरंच जुळवता येतो. नैसर्गिक गॅसच्या बहुतेक घरगुती फर्नेसला बर्नरकडे जाणारा दाब ३.५ इंच पाण्याच्या स्तंभाइतका लागतो, प्रोपेनला १० च्या आसपास. हा फार हलका दाब आहे. तो अंदाजानं, ज्योतीकडे बघून किंवा स्क्रूचे फेरे मोजून जुळत नाही. मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं उपकरण, लावून, फर्नेसमध्ये येणारा दाब आधी बघून, मग बाहेर पडणारा दाब लावायचा आणि धुरातला मोनॉक्साइड व ऑक्सिजन विश्लेषकावर तपासायचा. मॅनोमीटर नसताना स्क्रू फिरवला तर तुम्ही कुठून निघालात हेही सांगता येणार नाही आणि परतही येता येणार नाही. दाब जास्त झाला की ज्योत लांबते, थंड पत्र्याला चाटते, अर्धवट जळते आणि मोनॉक्साइड तयार होतो. पत्रा रोज जास्त तापून-निवून शेवटी तडकतो. तडकलेला हीट एक्स्चेंजर म्हणजे बहुतेकदा नवी फर्नेस.

उंचीचाही प्रश्न असतो. डेन्व्हरसारख्या मैलभर उंचीच्या गावात हवा विरळ, तिथे इनपुट कमी करून लावावं लागतं. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना ४ टक्के हा जुना ठोकताळा २ हजार फुटांच्या वर वापरतात. नेपरव्हिल ७०० फुटांच्या आसपास आहे, आपल्याला तो लागू नाही. पण डेन्व्हरच्या माणसाचा व्हिडिओ बघून इथे हात घालणारे भेटतात, म्हणून सांगितलं. कॅनडातून वाचणाऱ्यांसाठी: ऑन्टॅरिओत गॅसचं काम टीएसएसए या तिथल्या सुरक्षा नियामक संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यायचं असतं, त्यामुळे तिथे हा प्रश्नच मिटतो.

गॅस खरंच कमी येतोय का, ही शंका मनातून जात नसेल तर ती काहीही न उघडता तपासता येते. बाहेरच्या मीटरवर लहान चाचणीचे काटे असतात, एकावर अर्धा घनफूट आणि एकावर २ घनफूट असं लिहिलेलं असतं. घरातली बाकीची गॅसची उपकरणं बंद ठेवा, शेगडी, वॉटर हीटर, ड्रायर. फक्त फर्नेस पेटलेली असताना २ घनफुटांच्या काट्याला एक फेरा पुरा करायला किती सेकंद लागतात ते मोजा. गॅसच्या घनफुटात साधारण १०३० बीटीयू असतात, तेव्हा ८० हजारांच्या फर्नेसला एका फेऱ्याला ९० ते ९५ सेकंद लागायला हवेत. तुमचं उत्तर या आसपास आलं तर गॅस बरोबर येतोय आणि ऑफिसातल्या मित्राला तसं सांगता येईल. १२० च्या पुढे गेलं तर तंत्रज्ञाला तो आकडा सांगा. वॉटर हीटरचा नॉब नंतर परत जागेवर आणायला विसरू नका, नाहीतर सकाळी अंघोळीच्या वेळी आठवण होईल.

ज्योतीच्या रंगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बघाल तेव्हा मनात येईलच. ज्योत निळी, ताठ, बर्नरच्या तोंडाशी घट्ट बसलेली हवी. मधूनच नारिंगी ठिणग्या उडाल्या तर ती बहुतेक धूळ. पण ज्योत पिवळी, सुस्त, लोळणारी असेल, किंवा मोठा पंखा सुरू होताच ती वेडीवाकडी हलायला लागली, तर फर्नेस बंद करा आणि माणूस बोलवा. हलणाऱ्या ज्योतीचा अर्थ पत्र्याला भेग पडून पंख्याची हवा आत शिरते असा असू शकतो. बर्नरजवळ एक बटणवाला रोलआउट स्विच असतो. तो ज्योत बाहेर आल्यावर पडतो आणि आपोआप परत जुळत नाही. तसा का नाही, याला कारण आहे: तो दाबून पुन्हा सुरू करायच्या आधी कुणीतरी आत बघावं. तो पडला असेल तर दाबू नका.

फर्नेसच्या खोलीत काय ठेवलंय तेही बघा. आपल्या लोकांच्या बेसमेंटमध्ये गणपतीचं मखर, थर्माकोल, झुंबर, कागदी फुलं ही सगळी आरास हमखास फर्नेसला टेकून ठेवलेली असते, कारण तो कोपरा रिकामा दिसतो. समोर अडीच फूट जागा मोकळी हवीच. रंग, थिनर, पेट्रोलचा डबा तिथे अजिबात नको. ब्लीचसुद्धा नको: त्यातला क्लोरीन जळणाच्या हवेत गेला की आतला पत्रा गंजतो.

याला जोडून एक गोष्ट, जी नेहमीच्या माहितीपत्रकांत सापडत नाही पण आपल्या घरांत मी मुद्दाम तपासतो. तळण आणि फोडणीसाठी आपण शेगडीवर जबरदस्त ओढीचा एक्झॉस्ट (हूड) बसवतो. शेजारी बेसमेंटमध्ये चिमणीला जोडलेला जुन्या धाटणीचा वॉटर हीटर असतो, ज्याचा धूर केवळ गरम म्हणून आपोआप वर जातो. घर घट्ट बंद, वर एक्झॉस्ट पूर्ण वेगात, त्यात बाथरूमचे पंखे आणि ड्रायर. बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला हवा कुठून तरी येणारच, आणि सर्वांत सोपी वाट ती चिमणी. धूर वर जायच्या ऐवजी खाली येतो. इथल्या बांधकाम संहितेत मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त ओढणाऱ्या हूडला बदली हवेची सोय मागितलेली असते ती यासाठीच. तपासणी सोपी आहे. खिडक्या बंद, सगळे पंखे आणि ड्रायर चालू, वॉटर हीटर पेटवून पाचेक मिनिटं जाऊ द्या. मग वॉटर हीटरच्या डोक्यावर चिमणीखाली जी मोकळी फट असते तिथे पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तुमच्याकडे परत आला तर पंखे बंद करा, वॉटर हीटर बंद करा, खिडकी उघडा, आणि दुरुस्त होईपर्यंत तो हूड पूर्ण वेगात चालवू नका. मात्र घरात आधीच गॅसचा वास असेल तर उदबत्ती काय, काहीच पेटवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

फर्नेसच्या धुराचा पाइप पीव्हीसीचा असेल तर बाहेर जाऊन त्याची दोन्ही तोंडं बघा. वाऱ्यानं रचलेला बर्फ, पानं, पक्ष्याचं घरटं, काहीही अडकतं. बर्फ पडला की ड्राइव्हवे साफ करतानाच तेवढी जागा फावड्यानं मोकळी करायची सवय लावा. या फर्नेसमधून पाणी गळतं आणि एका बारीक नळीतून गटारात जातं. ती नळी तुंबली की प्रेशर स्विच अडतो. तुमची आजची लक्षणं ती नाहीत, पण जानेवारीत होऊ शकतात.

थर्मोस्टॅटचं एक-दोन वाक्यांत. ७४ वर ठेवल्यानं घर लवकर तापत नाही. एका टप्प्याची फर्नेस ७४ ला जेवढी जळते तेवढीच ६८ ला. पंख्याचं बटण 'ऑन' वर असेल तर 'ऑटो' वर आणा, गार झोतांची निम्मी तक्रार तिथेच संपते. दर तासाला किती वेळा पेटावं याचं एक सेटिंग आत दडलेलं असतं: साधारणपणे ८० टक्केवाल्याला ५, ९० च्या पुढच्याला ३. इथल्या ऊर्जा विभागाचं मार्गदर्शन जागेपणी ६८ ते ७० अंश आणि रोज आठ तास ७ ते १० अंश खाली, असं आहे. त्यानं वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत फरक पडतो असं ते सांगतात. घरात तान्हं बाळ किंवा भारतातून आलेले आई-वडील असतील तर एवढं खाली नका नेऊ.

आणि कडाक्याच्या दिवशी फर्नेस तासन्‌तास थांबली नाही तर घाबरू नका. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअरला पारा उणे २३ फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ३० सेल्सिअसच्याही खाली गेला होता. त्या दिवशी निरोगी फर्नेसही अखंड चालत होत्या आणि काही घरं ६६ वरच अडकली होती. इथल्या फर्नेस साधारण शून्य फॅरनहाइटच्या हिशेबानं निवडतात. अखंड चालणं हा दोष नाही. चार मिनिटांत विझणं हा आहे, आणि तो बाहेर ३५ अंश असतानाही दिसतोय म्हणून आत्ताच सोडवा.

डिसेंबरमध्ये तीन आठवडे पुण्याला जाणार आहात असं लिहिलंय. फर्नेस बंद करून जाऊ नका. नळ गोठून फुटतात आणि वितळल्यावर घरभर पाणी होतं. ५५ अंशांच्या खाली ठेवू नका, पाण्याचा मुख्य नळ बंद करा, वरच्या-खालच्या तोट्या उघडून पाणी काढून टाका. शेजाऱ्याकडे किल्ली द्या. ही लिमिटची भानगड निस्तरल्याशिवाय मात्र घर रिकामं सोडू नका, कारण सारखी थांबणारी फर्नेस एखाद्या रात्री पूर्ण रुसते.

फिल्टर बदलून, व्हेंट उघडून दोन दिवसांत ती पूर्ण वेळ न अडता चालायला लागली तर आणखी काही उघडायची गरज नाही; वर्षातून एकदाची तपासणी तेवढी करून घ्या. नाही लागली तर माणूस बोलवा. फोनवर 'फर्नेस चालत नाही' एवढंच सांगू नका. 'चार-पाच मिनिटं चालून लिमिटवर जाते, चारचा संकेत, फिल्टर नवा, सगळे व्हेंट उघडे, तापमानाची वाढ एवढी, मीटरच्या फेऱ्याला एवढे सेकंद' असं सांगा. तो निघण्यापूर्वी त्याच्याकडून पाच आकडे कागदावर लिहून घ्या: येणारा आणि बर्नरकडचा गॅसचा दाब, तापमानाची वाढ, डक्टमधला हवेचा दाब आणि धुरातला मोनॉक्साइड. डक्टमधला दाब पुष्कळ फर्नेसना जास्तीत जास्त अर्धा इंच चालतो, तोही नेमप्लेटवर छापलेला असतो. जो न मोजताच 'हीट एक्स्चेंजर गेलाय, नवी घ्या' म्हणतो, त्याच्याकडे भेगेचा फोटो मागा आणि दुसऱ्याला बोलवा.

नेमप्लेटवरचं इनपुट, तापमानवाढीचा पट्टा आणि तुम्ही मोजलेली दोन तापमानं कळवलीत तर पंख्याचा वेग वाढवायला हवा की वरचं कॉइल साफ करायला, हे मला बरंचसं इथूनच सांगता येईल.